सोलापुरी सुतावर देशोदेशीच्या विणी : सुयांवरचे विणकाम नव्याने शिकणाऱ्यांसाठी

सोलापूरला विणकरांचे गाव म्हणतात ते मागामुळे. इथल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पूर्व भागात आजही यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो आणि ताणा, बाणा, कोन, बॉबिन हे शब्द अनेक घरांत लहान मुलांनाही ठाऊक असतात. दोन सुयांवरचे विणकाम मात्र इथे थंडीपुरते, आणि तेही बाळाच्या टोपड्या-मोज्यांपुरते उरले आहे. उकाड्याच्या गावात लोकर कोण विणणार, हा त्यामागचा साधा हिशेब. लोकरीपुरता तो बरोबरही आहे. पण सुयांवर विणलेल्या वस्तूंचे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने नमुने इजिप्तमधले, साधारण ११ व्या ते १४ व्या शतकातले आहेत, आणि त्यांत निळ्या-पांढऱ्या सुती धाग्यांत नक्षी काढलेले मोजे आहेत. म्हणजे ज्या कलेला आपण थंड मुलखाची मानतो, तिचे जुने पुरावे उष्ण देशातले आणि सुताचे आहेत.

म्हणून या लेखात वेगवेगळ्या देशांतील पारंपरिक विणी शिकण्याचा क्रम सुती धाग्याच्या स्वभावावरून लावला आहे. प्रसिद्ध वीण आधी आणि अनोळखी वीण नंतर, असा क्रम लावला तर सोलापुरातला नवशिका पहिल्याच पायरीवर अडतो. कारण प्रसिद्ध विणींपैकी बऱ्याच विणी लोकरीच्या ताणावर आणि चिकटपणावर उभ्या आहेत, आणि सुताला हे दोन्ही गुण नाहीत. सूत ताणले की ताणलेलेच राहते, टाके एकमेकांना धरून ठेवत नाहीत आणि धागा निसरडा असल्याने हातातली प्रत्येक असमानता कापडावर दिसते. नवशिक्याला हे गैरसोयीचे वाटेल, परंतु हात सुधारण्यासाठी यासारखा स्पष्टवक्ता धागा दुसरा नाही.

धागा

नवी पेठेतल्या दुकानांत 'लोकर' म्हणून जे मिळते ते बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. शंका असल्यास धाग्याचा छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा: खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरता येते, ॲक्रिलिक वितळून त्याचा कडक मणी होतो, तर सूत कागदासारखे जळते. ॲक्रिलिकवर सराव करण्यास हरकत नाही. मात्र उन्हाळ्यात घामट हातांना ते चिकटते आणि विणलेली वस्तू वर्षातले फार थोडे दिवस वापरता येते.

सुताच्या बाबतीत सोलापूरकराला असलेली सोय इतर शहरांतल्या नवशिक्यांना सहसा नसते, कारण मागासाठीचे सूत इथे कोनवर, म्हणजे शंकूच्या आकाराच्या गुंडाळीवर, मिळते. फक्त ते फार बारीक असते, त्यामुळे किती पदर एकत्र घ्यायचे याचा हिशेब आधी करावा लागतो. सुताचा नंबर जितका मोठा तितके सूत बारीक. २/२० म्हणजे २० नंबरच्या सुताचे दोन पदर एकत्र पिळलेले. अशा २/२० सुताची लांबी १०० ग्रॅममागे साधारण १,७०० मीटर भरते. त्याचे ५ पदर एकत्र घेतले की १०० ग्रॅमला सुमारे ३४० मीटर लांबीचा धागा होतो आणि तो ३ मिलिमीटरच्या सुईवर चांगला विणला जातो. ७ किंवा ८ पदर घेतल्यास ४ मिलिमीटरच्या सुईचा धागा होतो. पदर नुसते शेजारी धरून विणले तर सुईचे टोक त्यांच्यामध्ये शिरते आणि अर्धाच टाका उचलला जातो. म्हणून ओळखीतून एखाद्या डबलिंगवाल्याकडून त्यांना सैलसर पीळ मारून घेता आला तर उत्तम. ते जमत नसेल तर विणकामासाठी तयार मिळणारे, नीट पिळलेले सूत विकत घ्यावे, पहिल्या नमुन्यांना ते पुरते. ताण्यासाठी, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांसाठी, खळ दिलेले सूत मात्र घेऊ नये. ते ताठ असते आणि बोटे सोलते.

रंगीत सूत घेतल्यावर त्याचा हातभर तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर घासून पाहावा. लाल, मरून आणि गडद निळा हे रंग विशेष तपासावेत. दोन रंगांच्या विणीत रंग सुटला तर सगळे काम वाया जाते.

सुया

आपल्याकडे सुयांना जे नंबर असतात ते जुन्या ब्रिटिश मापाचे. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५, ११ म्हणजे ३ आणि १२ म्हणजे २.७५ मिलिमीटर. अमेरिकन नमुन्यांत हा क्रम उलटा चालतो आणि तिथली १० नंबरची सुई ६ मिलिमीटरची असते. परदेशी नमुना वाचताना नंबर न पाहता मिलिमीटर पाहावेत, म्हणजे घोटाळा होणार नाही.

सुरुवातीला ३ मिलिमीटरच्या सरळ सुयांची एक जोडी आणि त्याच मापाच्या, दोन्ही टोकांनी विणता येणाऱ्या पाच आखूड सुयांचा संच एवढे पुरे. निसरड्या सुतासाठी स्टीलपेक्षा बांबूच्या सुया बऱ्या. टाके त्यांवरून घसरत नाहीत आणि एप्रिल-मे महिन्यांत तळहाताला घाम आला तरी पकड सुटत नाही.

पहिली पायरी: टाक्याची बैठक

टाके घालणे, सुलट, उलट आणि टाके बंद करणे या चार गोष्टी घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या मावशींकडून, काकूंकडून शिकून घ्याव्यात. शाळेत शिवण-विणकामाचा तास असलेल्या पिढीतल्या स्त्रियांना त्या हमखास येतात. आपल्याकडे बहुतेक जणी धागा उजव्या हाताने सुईवर टाकतात. जर्मनीत आणि युरोपच्या इतर बऱ्याच भागांत धागा डाव्या तर्जनीवर धरून सुईच्या टोकाने उचलतात. दोन्ही पद्धतींनी तयार होणारे कापड सारखेच असते, त्यामुळे एकीला बरोबर आणि दुसरीला चूक ठरवण्याचे कारण नाही. तरीही पुढे दोन रंग विणायचे असल्याने दोन्ही हातांना सवय हवी. उजव्या हाताने वीतभर विणून झाले की तेवढेच डाव्या हाताने विणावे.

हात बदलताना एक गोष्ट तपासावी. प्रत्येक टाका म्हणजे सुईवर बसलेला फास असतो, त्याचा एक पाय सुईच्या पुढे आणि एक मागे असतो. आपल्या नेहमीच्या पद्धतीत फासाचा उजवा पाय पुढे असतो. उलट टाका घेताना धागा विरुद्ध दिशेने गुंडाळला गेला तर डावा पाय पुढे येतो, आणि पुढच्या ओळीत तो टाका नेहमीप्रमाणे विणला की त्याला पीळ पडतो. पूर्वेकडच्या काही परंपरांत टाके मुद्दाम असे बसवतात आणि मागच्या बाजूने विणतात, त्यामुळे तिथे पीळ पडत नाही. म्हणून परदेशी पद्धत पाहताना धागा कोणत्या बाजूने फिरतो याकडे आधी लक्ष द्यावे. चित्रफीत पोर्तुगीज किंवा रशियन भाषेत असली तरी अडत नाही. आवाज बंद करून, निम्म्या वेगाने, फक्त अंगठा आणि धागा पाहावा.

दुसरी पायरी: मोजणीचा नमुना

नवशिके ही पायरी गाळतात. ३० टाके घालून १२ सेंटिमीटर उंचीचा तुकडा, एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट असा विणावा आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके व किती ओळी बसल्या ते मोजावे. त्यानंतर तुकडा धुवून, सावलीत वाळवून पुन्हा मोजावे. सूत पहिल्या धुण्यात आटते, आणि बहुधा उंचीत जास्त आटते. धुतल्यानंतरचे माप हेच खरे माप धरावे. ५ पदरी सुतावर, ३ मिलिमीटरच्या सुईने, १० सेंटिमीटरमध्ये २४ च्या आसपास टाके आले तर हात मध्यम आहे असे समजावे. टाके त्याहून बरेच जास्त आले तर सुई एका मापाने जाड घ्यावी. हात सैल सोडण्याचा प्रयत्न करत बसू नये, तो आपोआप सुटतो.

तिसरी पायरी: कोळ्यांच्या स्वेटरवरची नक्षी, नॅपकिनवर

उत्तर समुद्राच्या ब्रिटिश आणि डच किनाऱ्यांवरचे मच्छीमार जे घट्ट विणीचे स्वेटर घालत, त्यांना इंग्रजीत गॅन्सी म्हणतात. बारीक सुयांवर, पाच पदरी कडक पिळाच्या लोकरीत, शरीराचा भाग गोल विणून काढलेला आणि हात मोकळा हलावा म्हणून काखेत पतंगाच्या आकाराची कळी घातलेला असा हा कपडा. त्यावरची नक्षी एकाच रंगात, फक्त सुलट आणि उलट टाक्यांच्या मांडणीतून उठते: शिड्या, निशाणे, चौकटी, दोरखंड. गुळगुळीत, पिळदार धाग्यावर ही नक्षी सर्वांत स्पष्ट दिसते, म्हणून ती सुताला फार शोभते. माझ्या मते सोलापुरात शिकणाऱ्याने देशोदेशीच्या विणींची सुरुवात इथूनच करावी, कारण चार मूळ क्रियांपलीकडे यात काहीही नवे शिकावे लागत नाही आणि तरीही हातात एक खरी परंपरा येते.

निशाणांची नक्षी असलेल्या छोट्या नॅपकिनसाठी ३६ टाके घालावेत. पहिल्या ६ ओळी सगळ्या सुलट विणाव्यात, म्हणजे काठ गुंडाळला जाणार नाही. त्यानंतर प्रत्येक ओळीचे पहिले ३ आणि शेवटचे ३ टाके कायम सुलट ठेवून मधल्या ३० टाक्यांवर, ६ टाक्यांचा एक गट याप्रमाणे पाच वेळा, पुढील सहा ओळी विणाव्यात:

१ ली ओळ: १ उलट, ५ सुलट.
२ री ओळ: ४ उलट, २ सुलट.
३ री ओळ: ३ उलट, ३ सुलट.
४ थी ओळ: २ उलट, ४ सुलट.
५ वी ओळ: ५ उलट, १ सुलट.
६ वी ओळ: सहाही उलट.

या सहा ओळी हव्या तितक्या वेळा विणून शेवटी पुन्हा ६ ओळी सुलट कराव्यात आणि टाके सैलसर बंद करावेत. सम क्रमांकाच्या ओळी मागच्या बाजूने येतात, त्यामुळे विणताना आकडे उलटसुलट वाटतात. तीन-चार ओळींनंतर समोरून पाहिले की त्रिकोणी निशाण उठताना दिसते आणि मग कागदाकडे बघावे लागत नाही. टॉवेलच्या गावात हाताने नॅपकिन का विणावा, असे घरचे विचारतीलच. पाणी टिपायला तो उत्तम असतो एवढे सांगून पुढे विणावे.

चौथी पायरी: गळ्यातून धागा

पोर्तुगालमध्ये आणि दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतभागात धागा बोटावर ताणून न धरता मानेभोवतून किंवा छातीवर लावलेल्या पिनेतून घेतात. धागा कापडाच्या पुढच्या बाजूला राहतो आणि डाव्या अंगठ्याच्या हलक्या झटक्याने सुईवर पडतो. या पद्धतीत उलट टाका सर्वांत सोपा होतो. आपल्याकडे ज्या नवशिक्यांना उलट ओळ कंटाळवाणी वाटते त्यांनी ती अवश्य करून पाहावी. मनगट जवळजवळ हलत नसल्याने मनगट दुखणाऱ्यांनाही ती सोयीची पडते.

पेरूमधल्या टिटिकाका सरोवरातील ताकिले बेटावर सुयांवरचे विणकाम पुरुषांचे आहे. तिथले मुलगे लहानपणीच ते शिकतात आणि कानपट्ट्यांची नक्षीदार टोपी स्वतः विणतात. या बेटाची वस्त्रकला युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत २००८ पासून आहे. मागावर बसणाऱ्या पुरुषांच्या या गावात सुया हे बायकांचेच काम मानणाऱ्यांनी ताकिलेची ही माहिती घरात मोठ्याने वाचून दाखवण्यास हरकत नाही.

करून पाहताना धागा मानेभोवती घेऊ नये. आपल्याकडे मंगळसूत्रात किंवा साखळीत तो अडकतो आणि उन्हाळ्यात घामाने काळवंडतो. साडीच्या पदराला लावतात ती मोठी पिन डाव्या खांद्याच्या थोडी खाली कपड्याला लावावी. गुंड्याकडून येणारा धागा उजव्या हाताच्या मधल्या बोटावरून घेऊन पिनेतून न्यावा आणि तिथून सुईपर्यंत आणावा. मग २० टाके घालून सगळ्या ओळी उलट विणाव्यात. सगळ्या ओळी सुलट विणून जे कापड मिळते तेच यातूनही मिळते, त्यामुळे सुलट टाका यायच्या आधीच एक पूर्ण पट्टी तयार होते. उजवी सुई उलट टाक्यासाठी नेहमीप्रमाणे घालावी, डाव्या अंगठ्याने धागा टोकावरून टाकावा आणि फास मागे ओढावा. अंगठा मोठा उचलला जात असेल तर धागा पिनेपासून सुईपर्यंत सैल आहे असे समजावे आणि उजव्या बोटाने तो किंचित मागे घ्यावा.

गोल विणताना या पद्धतीचा खरा फायदा कळतो. काम आतली बाजू बाहेर ठेवून धरले की प्रत्येक फेरी उलट टाक्यांचीच विणली जाते आणि सुलट बाजू आत तयार होते. दोन रंग असतील तर मागचे मोकळे धागे डोळ्यांसमोर राहतात, त्यामुळे ते आखडले आहेत का ते लगेच दिसते.

पाचवी पायरी: एका ओळीत दोन रंग

आता इजिप्तच्या त्या मोज्यांकडे यावे. एका फेरीत दोन रंग आळीपाळीने विणायचे आणि जो रंग वापरात नाही तो मागून मोकळा न्यायचा, हे त्यांचे तंत्र पुढे युरोपभर दिसते. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेल्या शेटलंड द्वीपसमूहातल्या फेअर आयल या लहानशा बेटाचे नाव त्याला कायमचे चिकटले, कारण १९२२ च्या सुमारास इंग्लंडच्या युवराजाने त्या बेटाचा स्वेटर गोल्फ खेळताना घातला आणि ती फॅशन झाली. तिथल्या स्वेटरवर अनेक रंग दिसतात, परंतु एका फेरीत दोनच असतात. रंगांचा भास फेऱ्या बदलत गेल्याने होतो. शेटलंडमधल्या बायका कमरेला घोड्याचे केस भरलेली, भोके पाडलेली चामड्याची गादी असलेला पट्टा बांधतात आणि उजव्या सुईचे एक टोक त्यात खोचतात, म्हणजे सुईचा भार हातावर येत नाही.

त्याआधी आलेख वाचता यायला हवा. चौकटीच्या कागदावर एक चौकट म्हणजे एक टाका. वाचन खालून वर करावे. सरळ विणताना समोरच्या ओळी उजवीकडून डावीकडे आणि मागच्या ओळी डावीकडून उजवीकडे वाचाव्यात. गोल विणताना प्रत्येक फेरी उजवीकडूनच सुरू होते. चादरीवरच्या जॅकार्ड नक्षीचा कागद ज्यांनी पाहिला आहे त्यांना यात नवे काही वाटणार नाही. फरक एवढाच की टाका उंचीपेक्षा रुंद असतो, त्यामुळे चौरस चौकटींवर काढलेले गोल फूल विणल्यावर चपटे दिसते. एकरंगी विणीत हा फरक बराच असतो, दोन रंगांच्या विणीत तो कमी होतो.

सरावासाठी मोबाइलची पिशवी घ्यावी. पांढऱ्या धाग्याने ४८ टाके घालून ते चार सुयांवर वाटावेत, पाचव्या सुईने गोल विणावे, आणि सुरुवातीच्या ८ फेऱ्या २ सुलट, २ उलट अशा कराव्यात. त्यानंतर सगळे टाके सुलट ठेवून ४ टाक्यांचा गट धरावा. पहिल्या फेरीत १ निळा, ३ पांढरे. दुसरी फेरी पूर्ण पांढरी. तिसऱ्या फेरीत २ पांढरे, १ निळा, १ पांढरा. चौथी फेरी पुन्हा पांढरी. नॉर्वेच्या सेटेसदाल खोऱ्यातील स्वेटरवर असेच सुटे ठिपके दिसतात. पुरेशी उंची झाली की पिशवी उलटी करून दोन्ही बाजूंचे टाके एकत्र बंद करावेत.

निळा धागा डाव्या हातात आणि पांढरा उजव्या हातात धरावा आणि हे शेवटपर्यंत बदलू नये. मागे जो धागा खालून जातो त्याचा रंग समोर किंचित ठळक दिसतो. धागे मध्येच अदलाबदल झाले तर अर्ध्या पिशवीवर नक्षी उठावदार आणि अर्धीवर फिकी दिसते. मागचे मोकळे धागे हा सुताचा कच्चा दुवा. शेटलंडची लोकर खरखरीत असल्याने ते धागे काही काळाने एकमेकांना चिकटतात, त्यामुळे पाच-सहा टाक्यांचा मोकळा धागा तिथे चालून जातो. सुतात तो तीन टाक्यांपेक्षा लांब ठेवू नये, नाहीतर बोट अडकते. प्रत्येक रंग बदलताना उजव्या सुईवरचे टाके हलकेच पसरवून मग पुढचा टाका घ्यावा, म्हणजे कापडाला चुण्या पडत नाहीत.

शेटलंडमध्ये स्वेटर गोल विणून नंतर पुढचा भाग कात्रीने उभा कापतात. सुतावर हे करू नये. टाके क्षणात उसवतात.

सहावी पायरी: वेणी

आयर्लंडच्या पश्चिमेकडील अरान बेटांच्या नावाने ओळखली जाणारी वेणीची वीण दिसते तितकी अवघड नाही. चार टाक्यांच्या पट्टीतले पहिले दोन टाके जादा सुईवर घेऊन कामाच्या पुढे ठेवायचे, पुढचे दोन विणायचे आणि मग बाजूला ठेवलेले दोन विणायचे. वेणी डावीकडे वळते. तेच टाके मागे ठेवले तर ती उजवीकडे वळते. सरावासाठी २४ टाके घालून ३ काठाचे, ३ उलट, ४ वेणीचे, ४ उलट, ४ वेणीचे, ३ उलट, ३ काठाचे अशी मांडणी समोरच्या ओळीत करावी, मागच्या ओळीत काठ सोडून टाके जसे दिसतील तसे विणावेत आणि दर सहाव्या ओळीनंतरच्या समोरच्या ओळीत एक वेणी पुढून व दुसरी मागून फिरवावी. लोकरीत सहा किंवा आठ टाक्यांच्या वेण्या सहज होतात. सूत ताणले जात नसल्याने तितके टाके ओलांडताना सुई वाकते, म्हणून चारच बरे. वेण्या कापडाची रुंदी खातात आणि सुती कापड जड करतात. अख्खा स्वेटर सोडाच, सुती पिशवीवरही दोन वेण्या पुरेशा होतात.

सातवी पायरी: जाळी

एस्टोनियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील हापसालू गावात बारीक लोकरीच्या जाळीदार शाली विणण्याची परंपरा आहे. मधला भाग वेगळा, कडेची झालर वेगळी विणून नंतर दोन्ही शिवून जोडतात. जाळीचे सूत्र सगळीकडे एकच: सुईवर धागा एकदा जादा घेतला की छिद्र पडते आणि एक टाका वाढतो, त्याच ओळीत दोन टाके एकत्र विणून तो कमी करायचा. ओळीअखेर टाके मोजण्याची सवय इथे लागलीच पाहिजे. दर दहा-बारा ओळींनी वेगळ्या रंगाचा दोरा ओवून सगळ्या टाक्यांतून काढून ठेवावा. पुढे चूक झाली तर तिथपर्यंतच उसवावे लागते.

हापसालूची खूण म्हणजे फुगीर दाणा. एका टाक्यात सुलट, धागा वर (म्हणजे सुईवर जादा धागा), सुलट, धागा वर, सुलट असे पाच फास अगदी सैल काढायचे आणि परतीच्या ओळीत ते पाचही एकत्र उलट विणायचे. तिथल्या बायका सात किंवा नऊ फासांचाही दाणा करतात. सुतात पाचावर थांबावे, आणि सुई शिरत नसेल तर बारीक क्रोशाच्या सुईने धागा ओढून घ्यावा.

रशियातल्या ओरेनबर्गच्या शाली शेळीच्या मऊ लवेच्या असतात आणि त्या लवेचा फुलोरा सुताला येत नाही. स्वीडनमधली, दोन धागे प्रत्येक टाक्यानंतर एकमेकांभोवती पिळून करायची वीण सुतात होते, पण अतिशय सावकाश. या दोन्ही गोष्टी पहिल्या वर्षाच्या नाहीत.

धुणे आणि बसवणे

तयार वस्तू साध्या पाण्यात अर्धा तास भिजवून, न पिळता, टॉवेलात गुंडाळून दाबावी आणि जुन्या चादरीवर पिना लावून मापात ताणून ठेवावी. सोलापूरच्या हवेत ती लवकर वाळते, तरी उन्हात टाकू नये, रंग उडतो. लोकरीची जाळी नुसत्या पाण्याने उघडते आणि तशीच राहते. सुती जाळी मिटते, म्हणून शेवटच्या पाण्यात तांदळाची पातळ पेज घालावी.

लोकरीकडे वळताना

सुतावर हात बसल्यानंतर खरी लोकर मागवावी. सांगोल्याकडची घोंगडीची लोकर जवळची असली तरी दख्खनी मेंढीचे ते केस राठ असतात. घोंगडीला ते योग्य, अंगाला लागणाऱ्या विणकामाला टोचतात. हिमाचलमधल्या लाहौलचे हातविणीचे मोजे व हातमोजे या टप्प्यावर अभ्यासावेत. १९ व्या शतकात मोरेवियन मिशनऱ्यांनी तिथे विणकाम शिकवले, स्थानिक स्त्रियांनी त्यात आपली नक्षी आणली आणि आज त्या मोज्यांना भौगोलिक मानांकन आहे. एखादी परकी कला कशी आपली होते, याचे इतके जवळचे उदाहरण दुसरीकडे सापडणे अवघड.

नाव लावताना

वीण शिकणे सर्वांना खुले आहे, पण विक्रीच्या वस्तूवर नाव लावताना काळजी घ्यावी. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरील कोविचन लोक जाड हातकताईच्या लोकरीचे स्वेटर विणतात. २०१० च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या वेळी त्यांच्यासारखेच दिसणारे पण त्यांनी न विणलेले स्वेटर विक्रीला आले आणि त्यावरून वाद झाला. आपल्या चादरीची नक्कल दुसरीकडे विणून 'सोलापुरी' म्हणून विकली गेली की इथल्या कारखानदाराला काय वाटते, हे वेगळे सांगायला नको. म्हणून 'हापसालू शाल' असे न लिहिता 'हापसालूच्या पद्धतीची सुती जाळी, सोलापूर' असे लिहावे. नक्षीच्या अर्थांबाबतही सावध राहावे: अरानच्या प्रत्येक घराण्याची वेणी वेगळी होती आणि बुडालेल्या कोळ्याची ओळख तीवरून पटे, ही कथा दुकानांतून फार खपली; पण ती वीण त्या रूपात विसाव्या शतकात घडली आणि त्या कथेला आधार नाही.

प्रत्येक नमुन्याला जाड कागदाची एक चिठ्ठी दोऱ्याने बांधावी. तीवर धाग्याचा नंबर आणि पदर, सुईचे मिलिमीटर, धुण्यापूर्वीचे आणि नंतरचे टाके व ओळी, आणि वीण कोणत्या भागातली हे लिहावे. मोठी वस्तू विणायला घेताना नमुनापुस्तकाआधी याच चिठ्ठ्या काढून पाहाव्यात, कारण पुस्तकातले माप लोकरीचे असते आणि चिठ्ठीवरचे आपल्या सुताचे.